पंधराव्या वर्षाचं सुवर्ण आणि चौदाव्या वर्षाचा गुडघा

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे, नववीत. आम्ही सांगलीचे. आजोबांनी तिला पाठीला डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकवलं. तिथून ती टँकवर गेली आणि ब्रेस्टस्ट्रोकमध्ये रमली. बाराव्या वर्षी जिल्ह्यात पहिली आली. इथल्या २५ मीटरच्या टँकवर १०० मीटर तिने १:२७ मध्ये मारलं होतं. तेव्हा सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. पण गेल्या दीड वर्षात टायमिंग पुढे सरकत नाही. परवा बालेवाडीला १:२८ लागले. सर म्हणतात, इथे राहून काही व्हायचं नाही, बंगळूरला निवासी अकादमीत पाठवा, आत्ता नाही तर कधीच नाही. ते सारखं रुटा मेलुटिटेचं उदाहरण देतात, पंधराव्या वर्षी ऑलिम्पिकचं सुवर्ण. ह्यांचं म्हणणं, पुढच्या वर्षी दहावी आहे, पोहणं आता बंद. लेकीला विचारलं तर म्हणते, "तुम्ही ठरवा." पूर्वी ती असं बोलायची नाही. तिचा उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखतो, जिना उतरताना भिंतीला हात लावते. वजन वाढलंय असं सर सगळ्यांसमोर बोलले तेव्हापासून तिने भात सोडलाय. आणि लिहू की नको कळत नव्हतं, पण चार महिने तिची पाळी आलेली नाही. पंधरा तारखेपर्यंत अकादमीचे पैसे भरायचे आहेत. काय करू?
— एक आई, सांगली

ताई,

बंगळूरचं सांगते, पण आधी तुम्ही संकोचत लिहिलेल्या त्या पाळीच्या ओळीबद्दल बोलू. बाकी सगळं त्यानंतर.

पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं ती पुढेमागे होते. एखादा महिना चुकला म्हणून कोणी घाबरू नये. पण इथे चार महिने गेलेत, मुलगी रोज तासन्‌तास पोहते आहे आणि ताटातून भात गेला आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की वाट बघत बसायचं नसतं. जेवढं काम शरीराकडून करून घेतो तेवढं अन्न पोटात गेलं नाही, तर शरीर ज्यावाचून आजचा दिवस भागेल ते काम थांबवतं, आणि मुलींमध्ये बहुतेक वेळा पाळी थांबते. त्याच्या मागोमाग हाडांवर परिणाम होतो, आणि हाडं भरण्याचं वय नेमकं हेच आहे. या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे घेऊन जा. हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा, थायरॉइड, ड जीवनसत्त्व हे सगळं बघायला सांगा. आणि डॉक्टरांना न विसरता सांगा की ही दिवसाला किती तास पोहते आणि काय खाते. ते सांगितलं नाही तर "होतं असं या वयात" एवढं ऐकून परत याल, आणि त्यात चूक डॉक्टरांची नसेल.

भात परत सुरू व्हायला हवा, पण तो समोर बसून, आग्रह करून नको. चौदा वर्षांची मुलगी आग्रहाने जेवत नाही, उलट लपवायला शिकते. पहाटे टँकवर निघताना केळं किंवा दोन खजूर, पाण्यातून बाहेर आल्यावर अर्ध्या तासाच्या आत काहीतरी भक्कम, म्हणजे अंडी-पोळी, दुधातली नाचणी, शेंगदाण्याची चिक्की आणि ताक, जे घरात असेल ते. शाळेचा डबा एकाऐवजी दोन. घरात सगळ्यांच्याच ताटात भात वाढला जाऊ दे. वजनकाटा घरात असेल तर कुठेतरी वर ठेवून द्या.

सरांच्या त्या वाक्याबद्दल मला राग आला, ताई. ते वाईट हेतूने बोलले नसतील, त्यांनीच तिला इथवर आणलं हेही खरं. पण पोहण्याच्या पोशाखात काठावर उभ्या असलेल्या मुलीला दहा जणांदेखत वजनावरून बोलणं कुठल्याही हेतूने बसत नाही. त्यांना एकटं गाठून, आवाज न चढवता, एवढंच सांगा : "सर, तिच्या वजनाबद्दल काही वाटलं तर मला सांगा, तिला नाही." ही तुमची अट आहे. ती मान्य नसेल तर सर बदलायचे. सर कितीही चांगले असोत.

आता गुडघा. जिना उतरताना भिंतीला हात आणि दुखणं आतल्या बाजूला, हे वाचल्यावर टँकवर वावरणाऱ्या कोणालाही शंका येईल. ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांचा गुडघा म्हणून हे दुखणं खेळाच्या डॉक्टरांच्या ओळखीचं आहे. किक मारताना पाऊल बाहेर वळतं, गुडघा वाकलेला असतो आणि त्याच अवस्थेत पाय जोरात गोल फिरून एकत्र येतात. पाण्याचा सगळा दाब गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर येतो. पाय बाहेर वळवण्याचं काम खुब्याने करायचं असतं. खुबा आखडलेला असेल तर ते गुडघ्यावर पडतं. उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांत स्नायू हाडांच्या मागे राहतात, त्यामुळे आखडणं साहजिकच. त्यात तरंगता बोर्ड हातात धरून नुसत्या किकच्या लॅपवर लॅप, आणि पहाटे गार अंगाने थेट सुरुवात.

हे दुखणं बहुतेकदा पूर्ण बरं होतं, पण दुखत असताना मारत राहिलं तर नाही. नी-कॅप चढवून स्पर्धेत उतरवू नका. ऑर्थोपेडिककडे, शक्यतो खेळाडू बघणाऱ्या, न्या आणि फिजिओ सांगेल तोवर ब्रेस्टस्ट्रोकची किक पूर्ण बंद. याचा अर्थ पोहणं बंद असा नाही. पायात पुलबॉय म्हणजे फोमचा तरंगता ठोकळा अडकवून हात मारता येतात, फ्री म्हणजे फ्रीस्टाइल पोहता येतं, बॅक म्हणजे पाठीवर पोहता येतं. खुब्याचे आणि मांडीच्या आतल्या स्नायूंचे व्यायाम घरात चटईवर होतात. नंतर किक परत सुरू होईल तेव्हा तिचे गुडघे किती फाकतात ते पाण्याखालून मोबाइलवर शूट करून फिजिओला दाखवा. वॉटरप्रूफ पाउच कुठेही मिळतो. काठावरून बघताना जे कधीच दिसत नाही ते त्या अर्ध्या मिनिटात दिसतं.

आणि टायमिंग. तुम्ही लिहिलेले दोन आकडे परत एकदा शेजारी ठेवून बघा. बाराव्या वर्षीचे १:२७ हे २५ मीटरच्या टँकवरचे. आत्ताचे १:२८ बालेवाडीचे, म्हणजे ५० मीटरच्या टँकवरचे. १०० मीटरला लहान टँकमध्ये तीन टर्न, म्हणजे भिंतीपाशी वळणं, येतात, मोठ्यात एकच. ब्रेस्टस्ट्रोकला प्रत्येक टर्न म्हणजे फुकटचा वेग असतो. दोन्ही हातांनी भिंत शिवायची, पायांनी रेटा द्यायचा, मग पाण्याखाली एक डॉल्फिन किक आणि एक लांब हात थेट मांडीपर्यंत. वर पोहण्यापेक्षा हे अंतर कितीतरी जलद कापलं जातं. रुटाचंच बघा. २०१३ मध्ये १०० मीटरचे दोन्ही विश्वविक्रम तिच्या नावावर झाले. मोठ्या टँकमध्ये १:०४.३५ आणि लहान टँकमध्ये १:०२.३६. पोहणारी तीच, वर्ष तेच, फरक दोन सेकंदांचा. मग तुमच्या लेकीचे बालेवाडीचे १:२८ म्हणजे सांगलीच्या टँकवर १:२५-२६ धरायला हरकत नाही. गुडघा दुखत असताना, नीट न जेवता, चार महिने पाळी नसताना ती पुढेच गेली आहे, ताई. अडकलेली नाही. हे तिला आजच्या आज सांगा, आकडे कागदावर मांडून सांगा.

त्यातही या वयात वेग थोडा थबकला तरी नवल नाही. ब्रेस्टस्ट्रोक हा चारही प्रकारांतला सगळ्यात हळू आणि सगळ्यात नखरेल प्रकार. फ्रीमध्ये एक हात संपेपर्यंत दुसरा पाणी पकडतो. इथे प्रत्येक फेऱ्यात शरीर एकदा जवळजवळ थांबतं. किकसाठी पाय वर ओढले की मांड्या पाण्याला आडव्या येतात आणि वेग धाडकन पडतो. ते थांबणं ज्याला जितकं छोटं करता येतं तो तितका पुढे. हात कधी पुढे फेकायचे, डोकं कधी आत घालायचं, किक कधी सोडायची, हा सगळा हिशेब अंगात बसलेला असतो. मुलीची उंची वाढली, कंबर रुंदावली, पाय लांब झाले की तो हिशेब चुकतो. नव्या शरीराचा नवा हिशेब बसायला वेळ लागतो. हा वेळ द्यावाच लागतो, त्याला दुसरा इलाज मला तरी कुठे दिसलेला नाही.

किक परत सुरू झाली की पहिले काही महिने स्टॉपवॉच घरी ठेवा. त्याऐवजी ५० मीटरला किती हात लागतात ते तिचं तिने मोजावं. आरामात पोहत असताना हातांची संख्या कमी होत गेली म्हणजे ग्लाइड, म्हणजे हात मारल्यावर पाण्यात सरकत जाणं, लांबतोय, पाणी नीट पकडलं जातंय. ते साधलं की सेकंद मागून येतात. आणि मोजणारी ती स्वतः असते, काठावर कोणी भुवया ताणून उभं नसतं. या गोष्टीचा माझ्या मते तांत्रिक फायद्यापेक्षाही मोठा उपयोग आहे.

आता रुटा. सरांनी तिची निम्मीच गोष्ट सांगितली आहे, म्हणून उरलेली सांगते.

लिथुआनियातल्या कौनस शहरातली ही मुलगी. ती चार वर्षांची असताना आई अपघातात गेली. २०१० मध्ये, तेराव्या वर्षी ती इंग्लंडमधल्या प्लिमथला आली. ती वसतिगृहात एकटी आली नव्हती, वडिलांबरोबर आली होती. तिथे जॉन रड हे प्रशिक्षक मिळाले. दोन वर्षांनी लंडन ऑलिम्पिक. १०० मीटरच्या फायनलला सुरुवातीच्या यंत्रणेत गडबड झाली, एका अमेरिकन मुलीने आधीच उडी टाकली, सगळ्यांना परत मागे घेतलं. आठही जणी परत ब्लॉकवर चढल्या. त्या गोंधळात पंधरा वर्षांची रुटा शांत राहिली आणि १:०५.४७ मध्ये भिंतीला लागली. अमेरिकेची रेबेका सोनी तिच्या मागे ०.०८ सेकंदाने. स्वतंत्र लिथुआनियाचं ते पोहण्यातलं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. पुढच्या वर्षी बार्सिलोनाला विश्वविक्रम. सर इथपर्यंत सांगतात.

पुढे सायकलवरून पडून कोपर मोडलं. २०१६ ला रिओत ती सातवी आली. लंडननंतरच्या वर्षांत आपण नैराश्याने आणि खाण्याच्या विकाराने त्रस्त होतो हे तिने स्वतः उघडपणे सांगितलं आहे. तुम्ही भाताचं लिहिलंत तेव्हा मला हेच आठवलं. उत्तेजक चाचणीसाठी आपला ठावठिकाणा कळवावा लागतो, त्यात वर्षभरात तीनदा चुकली, मे २०१९ मध्ये, बावीसाव्या वर्षी, तिने निवृत्ती जाहीर केली आणि मग त्या चुकांसाठी दोन वर्षांची बंदीही आली. ज्या वयात बहुतेकांची खरी कारकीर्द सुरू होते त्या वयात ती टँकबाहेर होती.

आणि मग ती परत आली. २०२२ मध्ये बुडापेस्टला ५० मीटरचं जागतिक सुवर्ण. २०२३ मध्ये फुकुओकाला ५० आणि १०० दोन्ही, त्यात ५० मीटरला २९.१६ चा विश्वविक्रम. तेव्हा ती २६ वर्षांची होती. बार्सिलोनानंतर दहा वर्षांनी. मला विचाराल तर तिच्याकडून शिकायचं ते हे दुसरं पर्व. पंधराव्या वर्षी जिंकून तिचं काही संपलं नाही आणि काही पक्कंही झालं नाही. मधल्या वर्षांत तिला जे सोसावं लागलं ते तुमच्या लेकीने सोसू नये एवढं बघणं आपल्या हातात आहे.

पंधराव्या वर्षाचं इतकं मनावर घेऊ नका, कारण उलट उदाहरणंही खूप आहेत. ब्रिटनचा ॲडम पीटी, १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक ५७ सेकंदांच्या आत मारणारा जगातला पहिला माणूस, लहानपणी पाण्याला भ्यायचा. चौदाव्या वर्षी तो डर्बीला मेलनी मार्शल यांच्याकडे आला तेव्हा त्याचं फ्री अगदी सुमार होतं. ब्रेस्टस्ट्रोक मारायला लावल्यावर त्यांचं लक्ष गेलं. २०१२ मध्ये रुटा लंडनला सुवर्ण घेत होती तेव्हा सतरा वर्षांचा पीटी ब्रिटनच्या संघाच्या जवळपासही नव्हता. त्याचा मित्र ऑलिम्पिकमध्ये पोहला ते बघून तो खडबडून जागा झाला. २०१४ मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण, २०१६ मध्ये ऑलिम्पिक सुवर्ण. आणि सुरुवातीची वर्षं तो घरीच राहत होता, आई त्याला पहाटे गाडीने टँकवर सोडायची. आपल्याकडे दिल्लीचा संदीप सेजवाल बघा, ब्रेस्टस्ट्रोकवालाच. १९ व्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिकला उतरला, पण एशियाडचं कांस्य मिळालं ते २०१४ मध्ये इंचॉनला, पंचविसाव्या वर्षी. "आत्ता नाही तर कधीच नाही" हे सरांचं वाक्य यातल्या कोणालाही लागू पडत नाही.

तुमच्या ह्यांनाही दोन शब्द. दहावीची काळजी रास्त आहे, पण पोहणं एका फटक्यात बंद केलं तर अभ्यासाला वेळ मिळेल आणि मुलगी हातची जाईल अशी मला भीती वाटते. आठवड्यातून चार दिवस, एकच वेळ, बोर्डाच्या आधी दोन महिने त्याहूनही कमी, असं सहज बसवता येतं. खेळाडूंना दहावीला सवलतीचे गुण मिळतात, त्याची अट काय हे शाळेत विचारून ठेवा, पण त्या गुणांसाठी तिला स्पर्धेत ढकलू नका. आणि कोल्हापूरच्या वीरधवल खाडेची आठवण त्यांना करून द्या. सोळाव्या वर्षी ऑलिम्पिक, २०१० ला एशियाडचं कांस्य, मग तहसीलदाराची नोकरी, काही वर्षं पाण्याबाहेर, आणि नोकरीत असतानाच परत येऊन २०१८ च्या एशियाडला ५० मीटर फ्रीमध्ये चौथा. पदक हुकलं ते सेकंदाच्या शंभराव्या भागाने. पोहणं आणि बाकीचं आयुष्य यांची फारकत करायलाच हवी असं नाही.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते तिचं "तुम्ही ठरवा". दोन मोठी माणसं दोन दिशांना ओढत असली की मूल मधून अंग काढून घेतं. तिला बंगळूरबद्दल विचारू नका, दहावीबद्दलही नको. दोघीच असाल तेव्हा, स्कूटरवर जाताना विचारलंत तरी चालेल, एवढंच विचारा : "टँकवर कोणी घड्याळ धरणार नसेल, स्पर्धा नसेल, तर तू उद्या पोहायला जाशील का?" आणि उत्तर काहीही आलं तरी समजावायला जाऊ नका. हो म्हणाली तर गुडघा बरा होईतो तिला नुसतं पोहू द्या, वाटलं तर आजोबांबरोबर, पाणी सुरक्षित असेल तेव्हा, कृष्णेत. नाही म्हणाली तर पंधरा दिवस पूर्ण सुट्टी द्या आणि तोवर कोणी विषय काढायचा नाही. त्या सुट्टीनंतर नकोच म्हणाली तर तेही ऐकायचं. हे तुम्हाला जड जाईल, मला कळतं.

बंगळूरला माझा कायमचा नकार नाही. तिथे चांगले प्रशिक्षक आहेत. पण दुखरा गुडघा, थांबलेली पाळी आणि मिटलेलं तोंड घेऊन कोणत्याही मुलीला घरापासून इतक्या लांब, अनोळखी मेसच्या जेवणावर पाठवायचं नसतं. तिथल्या सरांना ती पहिल्या महिन्यात "बरी आहे" असंच सांगेल. दहावीनंतर ती सोळाची होईल, तेव्हा तिने स्वतः हट्ट धरला तर जरूर विचार करा. त्या वेळी दोघं जाऊन बघून या. फिजिओ रोज असतो की बोलावल्यावर येतो, मुलींच्या वसतिगृहात रात्री कोण असतं, मुलगी जखमी झाली तर फी आणि सराव यांचं काय होतं, शाळा कोणती आणि ती किती दिवस भरते, हे विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. तिथे तीन वर्षं टिकलेल्या एखाद्या मुलीच्या आईशी फोनवर बोला. ती जे सांगेल ते माहितीपत्रकात नसतं.

पंधरा तारखेचे पैसे भरू नका. अकादमीला फोन करून सांगा की यंदा येत नाही, कारण सांगायची गरज नाही. डॉक्टरांचे रिपोर्ट आले की मला परत लिहा, पाळीचे आणि गुडघ्याचे दोन्ही. त्यावरून पुढच्या सहा महिन्यांचा सराव कसा असावा ते आपण बघू.